मुका मार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी तरी डॉक्टरीणबाई येऊन आपल्याला आरोग्याच्या चार गोष्टी सांगून जातात. यंदा चिटणीसवहिनींनी तो मान मला दिला. मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई, मला आरोग्यातलं काय कळतं?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात जे घडलं तेवढं सांगा. ते काही डॉक्टरीणबाईंना ठाऊक नाही." तेव्हा जे घडले तेच सांगणार आहे. त्यानंतर डॉक्टरांना खोदून खोदून विचारून आणि मुलीकडून वाचून घेऊन जे कळले तेही सांगेन. विषय डोक्याला लागणाऱ्या माराचा आहे, आणि त्यातही खेळणाऱ्या मुलांच्या डोक्याचा.

आपण परळ-लालबागच्या बायका म्हणजे इस्पितळांच्या गावात राहणाऱ्या. केईएम 1926 पासून आणि टाटा 1941 पासून आपल्या दारात उभे आहे. आजारी पडल्यावर कोठे धावायचे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण याच परळात हाफकिन संस्थाही आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिनसाहेबांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. 1899 साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. म्हणजे दुखणे येण्याआधीच त्याची वाट अडवायची, हा विचार सव्वाशे वर्षे आपल्या शेजारी राहतो आहे. पोलिओचे दोन थेंब पाजायला आपण पोरांना कडेवर घेऊन रांगा लावल्या. त्याच पोराला अठराव्या वर्षी चौथ्या-पाचव्या थरावर चढताना पाहून आपण शिट्ट्या मारतो. मीही मारल्या आहेत, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी समजते.

माझा मुलगा गोविंदा पथकात आहे. पथकाचे नाव घेत नाही. मुले आपलीच आहेत, त्यांना शिकवणारा दादाही आपल्याच वाडीतला आहे, आणि कोणाला दोष द्यायला मी उभी राहिलेली नाही. 2023 सालची ही गोष्ट. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. अंगाने सडपातळ, म्हणून चौथ्या थरावर. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू झाला. जुलैच्या अखेरीस एका रात्री सहा थर लागता लागता खालचा एक मुलगा गुडघ्यात वाकला आणि सगळे कोसळले. माझ्या मुलाच्या कानाच्या वर कोणाची तरी टाच बसली. रक्ताचा थेंब नाही, साधे खरचटलेसुद्धा नाही. तो उठला, कपडे झाडले, मुलांबरोबर वडापाव खाल्ला आणि साडेअकराला घरी आला. मला काही बोलला नाही. सरावात पडलो हे घरी सांगायचे नाही, असा या मुलांचा अलिखित नियमच असतो. सांगितले तर आई उद्यापासून पाठवणार नाही!

पण मी पाहिले होते. काय पाहिले ते नीट ऐका, कारण आजच्या सांगण्यातला गाभा तोच आहे. रात्री हात धुऊन त्याने मोरीतला नळ तसाच वाहता ठेवला. मी बंद केला. ताटावर बसला तर भात चिवडून उठला. "बाबा आले का?" म्हणून विचारले. मी सांगितले, "रात्रपाळी आहे." थोड्या वेळाने पुन्हा विचारले, "बाबा आले का?" मला वाटले, दमला आहे, लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट लावली तर डोळ्यांवर हात धरून ओरडला, "बंद कर ती!" धाकट्या बहिणीने मोबाइलवर गाणे लावले म्हणून तिच्या अंगावर धावून गेला. असा तो कधी नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली, सगळ्यांच्या नजरा असतात त्या थरावर." मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी म्हटले, वयच तसे आहे, पोरे या वयात तिरसट होतातच.

पाचव्या दिवशी तो पुन्हा सरावाला गेला. त्याचा टी-शर्ट मीच धुऊन, घडी करून ठेवला होता. त्या रात्री तो पुन्हा पडला. या वेळी फार उंचावरून नाही, दुसऱ्याच थरावरून, आणि लागलेही जुजबीच असे बरोबरची मुले सांगतात. घरी आला आणि दोनदा उलटी झाली. मी म्हटले, पित्त झाले. कोकमाचे पाणी करून पाजले आणि निजवले. सकाळी मी पोळ्या लाटत होते. तो उठून ओट्याशी आला आणि म्हणाला, "आई, काल सराव होता का?" मी सांगितले. पाच मिनिटांनी परत विचारले, "काल सराव होता का?" तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि शेजारच्या मावशींना हाक मारली. टॅक्सी करून इस्पितळात नेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, एका रेषेत चालायला लावले, महिने उलटे म्हणायला लावले. ऑगस्टपाशी पोरगे अडकले. सीटी स्कॅन काढला. रक्तस्राव नव्हता, हाड शाबूत होते. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "अजून जोडू नका. याआधी कधी लागलं होतं?" मुलगा म्हणाला, "नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग मी नळाचे, भाताचे, ट्यूबलाइटचे, बहिणीच्या अंगावर धावल्याचे सगळे सांगितले. त्या लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता थांबून म्हणाल्या, "हे तुम्ही पाच दिवसांपूर्वी पाहिलं होतं?" मी म्हटले, हो. "मग तेव्हाच का नाही आणलंत?"

भगिनींनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. रक्त आले असते तर मी त्याच रात्री अनवाणी धावले असते.

आपल्याकडे ज्या माराला जखम दिसत नाही त्याला मुका मार म्हणतात. पायाला मुका मार लागला तर हळद-तुरटीचा लेप लावून भागते. डोक्याचे तसे नाही. डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावले ते माझ्या भाषेत सांगते. आपण डब्यात दही विरजतो. डबा पक्का, झाकण घट्ट. तो डबा हातातून सुटून ओट्यावर आपटला, तर डब्याला पोचाही येत नाही. पण झाकण काढून पाहा, आतले दही मोडलेले असते, पाणी सुटलेले असते. कवटी हा डबा आणि मेंदू हे दही. डोक्याला फटका बसला, किंवा नुसता मानेला जोराचा हिसका बसला, तरी मेंदू आतल्या आत हलतो, त्यातले बारीक तंतू ताणले जातात आणि काही दिवस त्याचे काम बिघडते. इंग्रजीत याला कन्कशन म्हणतात. त्याला बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. बहुतेक वेळा माणूस शुद्धीतच असतो. आणि तो स्कॅनमध्ये दिसत नाही! स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेले हाड दिसते. मोडलेले दही दिसत नाही. म्हणून "स्कॅन नॉर्मल आहे" एवढे ऐकून पेढे वाटू नयेत.

आता कोणी म्हणेल, हेल्मेट घातले की झाले. हेल्मेट घालायलाच हवे, कवटी फुटण्यापासून ते वाचवते. पण डब्यावर दुसरा डबा चढवला म्हणून आतले दही हलायचे थांबत नाही.

सर्वांत वाईट गोष्ट पुढे आहे. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा धक्का बसला, तर तो लहानसा असला तरी महाग पडतो. दुखणे लांबते. क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला एकाएकी सूज येऊन जीवही जातो. माझा मुलगा त्यातून वाचला. पण मी घडी करून ठेवलेला तो टी-शर्ट मला आजही आठवतो.

पुढचे तीन महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. पाय मोडला असता तर प्लास्टर पाहून लोकांनी विचारपूस केली असती. याचे काहीच दिसेना. अर्धे पान वाचले की डोके ठणके. गर्दीत, लोकलमध्ये गरगरे. दुपारी झोपे आणि रात्री टक्क जागा. एकदा आमटी खारट झाली म्हणून ताट सरकवून दिले आणि मग स्वतःच रडत बसला. वडील म्हणत, अभ्यासाचा कंटाळा. पथकातली मुले म्हणत, घाबरला. चाळीत कुजबुज झाली की पोरगा वाईट नादाला लागला. मला मात्र डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवले होते की राग, रडू, विसर हे सगळे त्या माराचेच असते, म्हणून मी तोंड बंद ठेवून त्याचे पांघरूण काढले आणि घातले. दोन विषय राहिले. बहुतेकांचे हे दुखणे दोन ते चार आठवड्यांत निवळते. आमचे दुसऱ्या मारामुळे लांबले. दिवाळी झाल्यावर एक दिवस त्याने आपण होऊन बहिणीला गाणे लावायला सांगितले, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

हे फक्त गोविंदाचेच आहे असे नाही. माझे वडील क्रिकेटचे वेडे होते. दादरला शिवाजी पार्कावर मुलांचे सामने बघत तासन्‌तास उभे राहायचे. नरी कॉन्ट्रॅक्टर यांची गोष्ट ते नेहमी सांगायचे. मार्च 1962 मध्ये बार्बाडोस येथे, भारताचे कप्तान असताना, चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला. तेव्हा हेल्मेट नव्हते. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांना रक्त द्यायला समोरच्या संघाचे कप्तान फ्रँक वॉरेल स्वतः गेले. आपले उम्रीगर, बोर्डे, नाडकर्णी यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे क्रिकेट खेळलेही, पण कसोटी सामना पुन्हा त्यांच्या वाट्याला आला नाही. तो मार साऱ्या जगाला दिसला, म्हणून सारे जग धावले.

आता दुसरी गोष्ट पाहा. 4 डिसेंबर 2020 रोजी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे आपल्या रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला. तो पडला नाही. उरलेले चेंडू खेळून आत गेला. त्रास जाणवू लागला तो आत, कपडे बदलण्याच्या खोलीत. मग 2019 साली आलेल्या नियमाप्रमाणे त्याच्या जागी चहल उतरला आणि त्याने तीन बळी घेतले. त्यावर बराच गिल्ला झाला, की मैदानात तर चांगला होता, आत गेल्यावर कसे लागले? मला त्यात नवल वाटत नाही. माझा मुलगाही मैदानात चांगलाच होता. त्यालाही आत आल्यावरच लागले. आमची आतली खोली म्हणजे मोरी आणि ओटा.

म्हणून मी म्हणते की हा मार ओळखणारी माणसे मैदानात नाहीत, घरात आहेत. दादाला मुलगा दोन तास दिसतो, तोही घोळक्यात. तो कसा जेवतो, कसा झोपतो, उजेडाला तोंड का फिरवतो, एकच गोष्ट दोनदा का विचारतो, हे आईला, बहिणीला, आजीला दिसते. दिसते, पण आपण त्याला पित्त म्हणतो, नजर म्हणतो, वय म्हणतो.

वर्षानुवर्षे असे मार बसत राहिले तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे. मुष्टियुद्ध खेळणारे काही लोक उतारवयात दारू प्याल्यासारखे अडखळतात, बोबडे बोलतात, विसरतात, हे अमेरिकेत डॉ. मार्टलंड यांनी 1928 सालीच लिहून ठेवले. 2002 साली तिकडच्याच डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या पन्नाशीत वारलेल्या फुटबॉलपटूचा मेंदू तपासला. हे अमेरिकेचे फुटबॉल, ज्यात डोकी एकमेकांवर आपटतात. हा माणूस शेवटी शेवटी स्वतःचे घरदार हरवून मोटारीत झोपत असे. वरून पाहता मेंदू ठीक दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली कळले की तो आतून खराब झाला होता. 2019 साली स्कॉटलंडमधल्या पाहणीत दिसले की तिथले जुने व्यावसायिक फुटबॉलपटू मेंदू झिजण्याच्या रोगांनी मरण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे साडेतीन पट होते. याचा अर्थ एकदा पडलेले प्रत्येक पोर म्हातारपणी भ्रमिष्ट होईल असा मुळीच नाही. उगाच कोणी घाबरून जाऊ नये. एक मार नीट बरा होऊ दिला तर बहुतेक सगळे ठणठणीत होतात. मारावर मार बसू देणे, हेच टाळायचे आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने 2024 साली म्हातारपणच्या बुद्धिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे दिली, त्यांत डोक्याचा मार आहे. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे हीदेखील त्याच यादीत आहेत. तेव्हा मंडळाच्या रक्तदाब तपासणीला ज्या "मला काही होत नाही" म्हणून येत नाहीत, त्यांनी पोरांना उपदेश करू नये.

आता हंडीविषयी. हंडी बंद करा असे मी म्हणत नाही. आपल्या गिरणगावात गिरण्या गेल्या, पण ही मुले अजून एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतात. पथकाने माझ्या मुलाला वेळ पाळायला आणि दुसऱ्याचा भार सोसायला शिकवले. आता मुलींचीही पथके आहेत आणि माझी धाकटी त्यासाठी माझ्यामागे लागली आहे. पण उंची किती वाढली ते पाहा. 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून 43.79 फुटांचा जागतिक विक्रम केला. म्हणजे एका थराला साधारण पाच फूट. सहा थर म्हणजे तीस फूट. आपल्या चाळीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पोर नुसते वाकले तरी आपण किंचाळतो.

उच्च न्यायालयाने 2014 साली वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठराखालच्यांना मनाई केली. पुढे बरीच कोर्टबाजी झाली आणि 2017 साली उंचीची मर्यादा गेली. चौदा वर्षांखालच्या मुलांना घेणार नाही एवढे सरकारने कबूल केले. 2022 साली सरकारने याला साहसी खेळ म्हटले. खेळ म्हटले ते चांगलेच झाले, कारण मग खेळाचे नियमही मागता येतात. तरीही 2025 च्या ऑगस्टमध्ये दहिसरला सरावाच्या वेळी वरून पडून अकरा वर्षांचे पोर गेले. अलीकडे गोविंदांचा विमा उतरवतात, तोही हवाच. पण विमा पडल्यानंतर कामाला येतो. स्पेन देशातल्या कातालोनिया भागात आपल्यासारखेच मनोरे रचतात. तिथे 2006 साली एक मुलगी पडून गेली, तेव्हापासून वर चढणाऱ्या लेकरांच्या डोक्यावर खास बनवलेले हेल्मेट असते. त्यांचे मनोरे काही त्यामुळे बुटके झाले नाहीत.

पोर पडल्यावर काय करावे, ते मी डॉक्टरीणबाईंना विचारून वहीत लिहून घेतले आहे. पहिली गोष्ट, पडलेल्याला हातापायांना धरून उचलू नये. आपली मुले नेमके हेच करतात! मानेला इजा असेल तर तेवढ्याने जन्माचे अधूपण येते. डोके आणि मान सरळ धरून तसेच राहू द्यावे आणि 108 ला फोन करावा. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नये, कांदा हुंगवत बसू नये. उठून बसला, बोलू लागला, तरी त्या दिवशी परत चढायचे नाही, मग हंडी कितीही लाखांची असो. घरी आल्यावर एकट्याला ठेवू नये. झोपूच द्यायचे नाही असे आपल्या आया सांगत. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे असे की एकदा डॉक्टरने पाहिल्यावर झोपू द्यावे, झोप हे औषधच आहे, पण पहिल्या रात्री दोन-तीन तासांनी हाक मारून तो नीट बोलतो ना ते पाहावे. डोके वाढत्या प्रमाणात दुखू लागले, पुन्हा पुन्हा उलटी झाली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, नाका-कानांतून पाणी किंवा रक्त आले, झटका आला, हातपाय लुळा पडला, बोलणे जड झाले किंवा हाक मारून जागा होईना, तर सकाळची वाट पाहायची नाही. दुखते म्हणून घरातली दुखण्याची कोणतीही गोळी काढून देऊ नये. काही गोळ्यांनी आत रक्तस्राव असेल तर तो वाढतो. द्यायचीच तर साधी पॅरासिटामॉल, तीही विचारून.

एक-दोन दिवस घरी आराम, मोबाइल बंद. त्यानंतर मात्र अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायचे नाही, थोडे चालूफिरू द्यायचे. ते सोसले की वाचन, कॉलेज. ते सोसले की हलका व्यायाम, मग सराव, पण जमिनीवर उभे राहून. सगळ्यात शेवटी थर, तोही डॉक्टरांनी होय म्हटल्यावर. प्रत्येक पायरीवर निदान एक दिवस काढायचा आणि त्रास वाढला तर एक पायरी खाली यायचे. थर लावतानाही आपण वरचा आधी चढवत नाहीच की.

माझा मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा पथकात जाणार म्हणाला. घरात दोन दिवस भांडण झाले. मी म्हटले, मी उंबऱ्यात आडवी पडेन. तो म्हणाला, "आई, वर उभं राहिल्यावर काय वाटतं ते तुला कळायचं नाही." खरेच आहे, मला नाही कळायचे. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे दोघे गेलो. त्यांनी पुन्हा तपासले आणि पायाला उभे राहायला हरकत नाही म्हणाल्या, वर नको. तो तोंड पाडून पायाला उभा राहतो. सरावाच्या रात्री तो घरी येईपर्यंत मला अजूनही झोप येत नाही. आला की मी मुद्दाम काही तरी विचारते आणि नळ बंद केला का ते पाहते. त्याला ते कळते आणि राग येतो. येऊ दे.

आता मंडळापुढे माझे एक मागणे आहे. दरवर्षी आपण पथकाला टी-शर्टसाठी वर्गणी देतो आणि शेवटच्या सरावाला पोहे-चहा करतो. पोहे करूच. पण वर्गणी टी-शर्टला न देता यंदा सरावाच्या जागी घालायच्या जाड गाद्यांसाठी द्यावी, असे मी सुचवते. टी-शर्टवर नाव छापायला दुसरे पुष्कळ आहेत, गादीवर कोणी नाव छापत नाही. शिवाय सरावाच्या रात्री आपल्यापैकी दोघींनी पाळीपाळीने तिथे बसावे. कोण पडले ते वहीत लिहावे आणि त्याच रात्री त्याच्या घरी कळवावे. पोर सांगणार नाही, तेव्हा आपणच सांगायचे. मी दादाशी बोलले आहे. तो आधी हसला, मग म्हणाला, "काकी, पोरं चिडतील." मी म्हटले, "तुझ्या आईलाही बसवते पाळीला." तेव्हा गप्प झाला.

वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षीणबाईंनी दोनदा पाठवली आहे. वही मी बरोबर आणली आहे. ज्यांचे मुलगे, मुली, पुतणे, भाचे यंदा पथकात आहेत त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव आणि घरातल्या एका बाईचा फोन लिहून द्यावा. पहिल्या पानावर मी माझ्या मुलाचे नाव लिहिले आहे, आणि त्याखाली 2023 मधल्या दोन्ही तारखा.